खालचा पोचा

सुरतेच्या डिंडोलीत कुणालाही विचारा, गाडीचा पोचा काढावा तर सुपडू मिस्त्रीनं. हे मी नाही सांगत, सुपडू मिस्त्री स्वतःच सांगायचा, आणि एकदा सांगायला लागला की समोरच्याचा चहा गार झाला तरी थांबायचा नाही. पण खोटं बोलायचा नाही बरं का. तीस वर्षांपूर्वी पारोळ्याकडून सुरतेला आला तो कापडाच्या लूमवर कामाला. त्या खडखडाटानं डोकं उठलं म्हणून आठव्या दिवशी पळाला आणि एका गॅरेजात शिरला, तो पत्र्याचाच झाला. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा, हात अडला की खडूनं खूण करायचा. काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणायचा, "शोधा आता कुठं होतं ते!" गिऱ्हाईक वाकून, डोळे बारीक करून शोधायचं आणि हात टेकायचं. ह्या एका वाक्याची मिस्त्रीला भारी चटक. पुढं जे झालं ते त्या चटकेपायीच झालं.

सोमवारी दुपारी जयश्री गाडी घेऊन दारात आली. जयश्री म्हणजे त्याच्या गावची लेक, म्हणून ती त्याला भाऊ म्हणायची आणि दर राखीला ताट घेऊन यायची. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावी मिलमध्ये. दोन वर्षांपूर्वी तिनं विजेवरची गाडी घेतली आणि गल्लीतली पोरं उधन्याच्या शाळेत न्यायला-आणायला लागली. बाई गाडी चालवणार म्हणून आधी जे दात काढत होते तेच मग पोरांना तिच्या स्वाधीन करून मोकळे झाले. पाच पोरं, आणि सहावी मिस्त्रीची नात मयुरी.

"माय वं, काय हुयनं हे?" मिस्त्रीनं विचारलं.

"टेम्पोवाल्यानं मागून दिली ना ठोकून! पोरं नव्हती, देवाची कृपा. गाडी पुढं सरकली ती डिव्हायडरच्या कडेवर चढली. मागचा बंपर तर दिसतोच आहे, पण खाली पण घासलंय."

मिस्त्रीनं गाडी जॅकवर उचलली, पाठीवर झोपून खाली सरकला. मधोमध, जिथं एका मोठ्या चपट्या पेटीत बॅटरी बसवलेली असते, त्या पेटीच्या पत्र्याला ओंजळभर पोचा पडला होता.

"हा शोरूमवाल्यांचा मामला आहे जया. बॅटरीला मी हात लावत नाही."

"तेच तर नको ना भाऊ! कतारगामच्या एका बाईचं असंच झालं. त्यांनी खालचा पोचा बघितला आणि गाडी तीन आठवडे ठेवून घेतली. बॅटरी खोलायची, तपासायची, वरून साहेब यायचा. तोवर माझी पोरं कोण नेणार? दुसऱ्या व्हॅनला लागली की परत येतील होय? चालतेय तर मस्त. खरचटलंय नुसतं. तेवढा पोचा दिसाले नको, मग मी वॉरंटीपुरती शोरूमला दाखवून आणते. तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

झालं! तुमच्या हाताला काय अवघड, असं म्हटल्यावर सुपडू मिस्त्री कुठला ऐकतो? कुणी त्याला म्हणालं असतं की चंद्रावर डाग आहेत, तर तो शिडी शोधायला निघाला असता.

मंगळवारी त्यानं खालचं काम धरलं. विजेच्या गाडीला आग दाखवायची नाही, एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून वेल्डिंग बाजूला ठेवलं. गोंदाची बटणं पत्र्याला चिकटवली आणि ओढणीच्या हत्यारानं हळूहळू पत्रा खाली ओढत आणला. चौथ्या ओढीला पत्रा टण्ण करून जागेवर आला. आणि त्याच वेळी आत कुठंतरी काहीतरी बारीक चुरचुरलं. मिस्त्री थांबला. नाकाशी एक वास आला, गोडसर, बायका नखं रंगवतात त्या बाटलीसारखा. पेटीच्या शिवणीपाशी बोट लावलं तर ओलं लागलं, थेंबभरच.

त्याच क्षणी तो बाहेर यायला हवा होता. जयाला बोलावून सांगायला हवं होतं. त्यानं काय केलं? फडक्यानं तो थेंब पुसला, फडकं कोपऱ्यात फेकलं आणि आपल्या मनाला सांगितलं की एसीचं पाणी असेल. एसीच्या पाण्याला कधी असला वास येतो का? तीस वर्षं गाड्यांखाली काढलेल्या माणसाला हे कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. कळत होतं. पण काम इतकं सुरेख जमलं होतं की मोडवेना. उरलेल्या बारीक खळग्यात त्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, वर काळा कोट मारला. बंपरही सरळ झाला. संध्याकाळी जयश्री आली तेव्हा त्यानं तिला आरसा दिला. "शोध आता कुठं होतं ते!"

ती आरशात बघत राहिली आणि खुदकन हसली.

आता मिस्त्रीच्या गॅरेजात एक रीत होती. मोठं काम झालं की पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचा आणि पहिला फेरा गाडीत बसून मिस्त्रीनं मारायचा. ज्यानं दुरुस्त केली त्यानंच आधी जीव पणाला लावून बघायचा, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. त्या दिवशी नारळ फोडला, पण बसायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "गुडघा धरलाय गं, तूच मार फेरा." जयश्रीनं मारला. मिस्त्री गॅरेजात उभा राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला, आणि ती परत आली तेव्हा कुठं त्याला नीट श्वास घेता आला.

बुधवारी शोरूमवाल्यांनी गाडी उचलून खालून बघितली, कॉम्प्युटर जोडला, सगळं ठीक म्हणाले. जयश्रीनं पेढे आणले. मिस्त्रीनं पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. संध्याकाळी त्यानं भाच्याला फोन लावला. योगेश कामरेजला विजेच्या रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा.

"एका गिऱ्हाइकाचं विचारतोय," मिस्त्री म्हणाला. "खाली बॅटरीच्या पत्र्याला पोचा पडला, तर काढला तर चालतो ना?"

"काढायचा नसतो मामा! तो तसाच राहू द्यायचा. किती खोल गेला ते मोजतात, त्यावरून ठरतं आतली बॅटरी दबली का नाही. पत्रा सरळ केला तर बघणाऱ्याला काय कळणार? आत दबलेलं दबलेलंच राहतं."

"आणि काम करताना गोडसर वास आला तर?"

योगेशचा आवाज बदलला. "मामा, गाडी कुठंय आत्ता? तिला मोकळ्या जागेत लावा. चार्जिंगला लावू नका. आणि तिच्यात माणूस बसवू नका. आज नाही तर महिन्यानं होईल, कदाचित कधीच होणार नाही. पण पेटली तर दार उघडायला वेळ देत नाही ती."

"गिऱ्हाइकाला सांगतो," म्हणून मिस्त्रीनं फोन ठेवला.

आणि सांगितलं नाही. का? तर लाज. तीस वर्षांचं नाव, डिंडोलीतला मान, गावच्या लेकीपुढं आपली चूक कबूल करायची. शिवाय मनात एक लबाड आवाज बोलत होताच की शोरूमवाले ठीक म्हणाले ना, मग तू कोण मोठा लागून गेलास? त्या आवाजाचं तो ऐकत होता. पण गुरुवारी सकाळी जयश्रीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यानं जे केलं त्याला मात्र कुठलंच पांघरूण नाही. दप्तर पाठीला लावून निघालेल्या मयुरीच्या कपाळाला हात लावून तो म्हणाला, "पोरीचं अंग कोमट लागतंय. आज राहू दे."

"ठणठणीत आहे ती बाबा," सून रुपाली म्हणाली.

"राहू दे म्हणतो ना!" तो खेकसला. त्या घरात त्याचा आवाज सहसा चढत नसे, म्हणून रुपालीनं मयुरीच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं. मयुरीनं चित्रकलेची परीक्षा आहे म्हणून भोकाड पसरलं. बाहेर गाडी निघून गेली, पाच पोरं घेऊन.

शुक्रवारीही तेच. जयश्रीनं मयुरीसाठी मोसंबी धाडली आणि विचारलं, ताप उतरला का. मिस्त्रीनं मान हलवली, होय का नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दिवसभर रस्त्यावर अग्निशमन बंबाची घंटा वाजली की हातातलं हत्यार गळायचं. जेवण जाईना. आपल्याच नातीला घरात धरून ठेवलं आणि लोकांची पोरं धाडली, हे त्याला दर घासाला आठवत होतं. आपण इतके नीच कधी झालो, हे त्यानं स्वतःला विचारलं. तरी सांगायला पाय उचलेना.

शनिवारी सकाळी जयश्री गाडीतून उतरून दारात आली. "भाऊ, एक गंमत सांगू? रात्री घराखाली शंभर टक्के चार्ज करून सोडली, सकाळी बघते तर अठ्ठ्याऐंशी. गाडी तर जागची हललीच नाही. असं होतं का कधी?"

"होत असंल," मिस्त्री म्हणाला.

"मग झालं!" म्हणत ती हसली आणि गाडीत बसली. मागच्या काचेला एका पोरानं नाक चिकटवून मिस्त्रीला वेडावून दाखवलं. गाडी निघाली.

तेवढ्यानं मिस्त्रीचा धीर सुटला. पायात चप्पल न घालता त्यानं स्कूटर काढली आणि गाडीच्या मागं लावली. हॉर्न वाजवला, हात केला, पण गर्दीत कोण ऐकतं? साईबाबाच्या देवळापासून उधन्याच्या फाटकापर्यंत त्याची नजर गाडीच्या पोटाखाली होती. धूर दिसतो का, वास येतो का. सिग्नलला गाडी थांबली की त्याचं काळीज थांबायचं, निघाली की परत सुरू व्हायचं. पोरं मागच्या काचेतून त्याला बघून टाळ्या पिटत होती. त्यांना वाटलं मिस्त्रीबाबा शर्यत लावतायत.

शाळेपाशी पाचही पोरं उतरून फाटकातून आत गेली तेव्हा तो स्कूटर तशीच आडवी टाकून धावला.

"जया, उतर गाडीतून. आधी उतर."

"काय हुयनं? मयुरी बरी शे ना?"

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. चुरचुरल्याचा आवाज, वास, थेंब, योगेशचं बोलणं. सांगताना तिच्याकडं बघवत नव्हतं म्हणून गाडीच्या चाकाकडं बघून सांगितलं. जयश्री आधी गाडीपासून दोन पावलं मागं सरली, मग परत त्याच्या अंगावर आली.

"योगेशनं कधी सांगितलं?"

"बुधवारी."

"बुधवारी! आणि मी गुरुवारी पोरं बसवली, शुक्रवारी बसवली, रात्री घराखाली चार्जिंगला लावली, वर माझी सासू झोपलेली! आत्ता दारात विचारलं तर होत असंल म्हणालात! भाऊ म्हणते ना मी तुम्हाला?"

मिस्त्रीला वाटलं ती मारेल, आणि मारावं असंच वाटलं. तिनं मारलं नाही. शिपायाला विनवून शाळेशेजारच्या मोकळ्या मैदानात गाडी ढकलत नेली, कंपनीला फोन करून उचलायला गाडी मागवली. मग मिस्त्रीच्या स्कूटरवर मागं बसली.

"चला. पोरं सुटायच्या आत सगळी घरं करायची. त्यांची पोरं त्यांनी न्यायला यायचं. आणि तुम्ही सांगायचं, माझ्या तोंडानं नाही. दारोदार."

पहिलं घर प्रमिलाबाईंचं. त्यांचे दोन नातू त्या गाडीत जायचे, एक तो वेडावून दाखवणारा. बाई पापड लाटत बसल्या होत्या. "या मिस्त्री, या जया! अनवाणी का हो? बसा, चहा टाकते."

"चहा नको," मिस्त्री म्हणाला, आणि उभ्या उभ्याच सांगायला लागला. बाईंचं लाटणं थांबलं. ऐकताना त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "पोरं आत्ता कुठं आहेत?" शाळेत आहेत, सुखरूप आहेत, असं जयश्रीनं सांगितल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पोचा लपवायला कुणी सांगितलं?"

"मी," जयश्री म्हणाली. "माझा धंदा बुडेल म्हणून. आत काही झालंय हे मला ठाऊक नव्हतं, पण सांगितलं मीच. त्यांच्याइतकंच माझंही चुकलं."

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तेवढ्यानं मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमिलाबाईंनी दोघांकडं बघितलं. बाई काही दगडाच्या नव्हत्या, त्यांचा राग थोडा खाली बसलेला दिसला.

"जाऊ द्या, पोरं वाचली. चूक माणसाकडूनच होते. आणि मिस्त्रीचा तरी जीव काय कमी टांगला असंल? ह्यांची मयुरी पण त्याच गाडीत जाते ना."

मिस्त्रीनं हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. जयश्रीही मान हलवून हो म्हणायच्या बेतात होती, आणि तिची मान मध्येच थांबली.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "तिला मी तीन दिवस घरीच ठेवलं होतं."

प्रमिलाबाईंनी त्याच्याकडं पाठ फिरवली. जयश्री त्याच्या शेजारून बाजूला झाली आणि एकटीच पुढच्या घराकडं चालू लागली.