मिस व्हर्लीनच्या हातातली लाल पाटी

मी पाटी बोलतेय. भिंतीवरची नाही, हातात धरायची. लाल, आठ कोनांची, दोन्ही बाजूंना ‘थांबा’ लिहिलेली. मुलं रस्ता ओलांडत असली की गाड्यांसमोर मला उंच धरतात.

जन्म पत्र्याच्या कारखान्यातला. पण शहाणपण आलं ते शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मिस व्हर्लीन टेटमच्या हातात. मिसिसिपी नदीकाठच्या या अमेरिकन शहरात, हार्गट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, आम्ही एकोणीस वर्षं उभ्या होतो. मागे तीन मजली लाल विटांची सरकारी शाळा. मिस व्हर्लीन स्वतः तिथेच शिकली. तिच्या आईला, ती काळी म्हणून, या गल्लीत घर विकायला एके काळी कोणी तयार नव्हतं. पुढे त्याच गल्लीतली अर्धी पोरं तिचा हात धरून शाळेत गेली. कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कोण उपाशी आलं, तिला लांबूनच कळायचं.

मग नगरपालिकेने गल्लीला ‘ऐतिहासिक वस्ती’ ठरवलं. जुनी घरं महाग झाली. नव्या लोकांनी कुत्री आणली, मुलं फारशी आणली नाहीत. शाळेचा पट एकशे चाळीसवर आला.

वसंतात शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. मी खुर्चीला टेकून ऐकत होते. शाळा बंद करून तिथे फ्लॅट होणार, पण इमारत जपली जाईल, एक वीटही हलणार नाही, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी फार नम्रपणे सांगितलं. मिस व्हर्लीन उठली.

“विटा हलणार नाहीत, बरं झालं,” ती म्हणाली. “आणि पोरं?”

पोरं केनार्ड अव्हेन्यूपलीकडच्या शाळेत जाणार होती. तो रस्ता सहापदरी आहे, आणि बंदराचे ट्रक तिथूनच जातात. तिथे माणूस नेमायचं अजून ठरलेलं नाही, असं उत्तर मिळालं.

जूनमध्ये शाळेबरोबर तिची नोकरीही संपली आणि मला खात्याच्या कचेरीत जमा करायचं होतं. टेबलावरच्या बाईंनी खोक्याकडे बोट दाखवलं. मिस व्हर्लीन खोक्यापर्यंत गेली आणि मला कोटाआड धरून बाहेर आली. एवढ्या सरळ बाईने असं करावं!

ऑगस्टमध्ये शाळा भरल्या. पहिल्याच सकाळी आम्ही केनार्डच्या कडेला. सहा वर्षांची कीझाया बोहॅनन पुढे धावली. मिस व्हर्लीनने मला ट्रकसमोर उगारलं. ट्रकचा ब्रेक लागला आणि त्याचा आरसा माझ्या कडेला घासून गेला. माझा एक कोन वाकला. पोरगी वाचली. मिस व्हर्लीनने तिला हाताला धरून पलीकडे पोचवलं.

तिसऱ्या आठवड्यात पोलीस आला. डेल रुपर्ट नाव. लहानपणी आमच्याच कोपऱ्यावरून शाळेत गेलेला. त्याने टोपी काढली.

“मिस व्हर्लीन, तुमची इथे नेमणूक नाही. पाटीही तुमची नाही. मला वर कळवावं लागेल.”

“इथे नेमणूक तर पोरांचीही कोणी त्यांना विचारून केली नाही, डेल,” ती म्हणाली. “तुला कळवायचं ते कळव. पण पोरं पार झाली की, सव्वाआठनंतर कळव.”

दुसऱ्या दिवशी आता मला नेणार म्हणून मी धास्तावले होते. डेलची गाडी आली, कडेच्या पदरात आडवी उभी राहिली, दिवे लुकलुकत. तो आत बसून कॉफी प्यायला. तेव्हापासून रोज येतो.

पण बुधवारी त्याची ड्युटी शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. मिस व्हर्लीनचा गुडघा सुजलाय. माझा रंग उडालाय. सकाळच्या धुक्यात मी पन्नास पावलांवरूनही नीट दिसत नाही. कडेला कीझाया टाचा उंचावून उभी आहे.

आज बुधवार आहे. गाडी जरा हळू घ्या.