पाहुण्यांसमोरून हलवलेली शेगडी

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, मित्रांनो, आणि आयुष्यातली एकोणीस वर्षं मी पहिलीच्याच वर्गात काढली. माझ्यासमोर बसलेली मुलं वरच्या वर्गांत गेली, मोठी झाली, काहींची लग्नंसुद्धा झाली. मी मात्र फळ्याशेजारचा माझा कोपरा सोडला नाही. त्या एकोणीस वर्षांत एकदाच सोडावा लागला, तोही एका सकाळपुरता. त्या सकाळबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे. सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

ॲटलासच्या डोंगराखाली मंगळवारचा बाजार भरतो, तिथे हद्दू लोहाराचं दुकान होतं. तेलाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापून त्याने मला घडवलं. खाली चार पाय, पोटाला एक दार आणि डोक्यावर धूर बाहेर नेणारी लांब नळी. मग मला खेचरावर बांधून वर गावात आणलं. गाव उंचावर, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ गुडघ्यापर्यंत. शाळेची खोली एकच आणि तिच्यात पहिलीची सगळी लहान मुलं, वरचे वर्ग खालच्या शाळेत.

माझे सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. प्रत्येक मुलाने सकाळी येताना ओकच्या लाकडाचा एक तुकडा आणायचा, असा शाळेचा नियम होता. जो विसरेल त्याने त्या दिवशी दाराजवळ बसायचं. माझ्या डोक्यावर मुलं जवाच्या भाकरी शेकायची आणि पायाशी ओले मोजे वाळत घालायची. त्या मोज्यांच्या वासाबद्दल मी काही बोलत नाही. पण खरं सांगते, कौतुक करून घ्यायला मला आवडायचं. "आमच्या शेगडीसारखी शेगडी खालच्या शाळेतसुद्धा नाही," असं मुलं म्हणायची, तेव्हा मी उगीचच जास्त तापायचे.

पुढे माझं वय झालं. नळी गंजली, पोटाला चीर पडली. चिखल लिंपून लोक ती बुजवायचे, पण दोन दिवसांत चिखल तडकायचा आणि सगळा धूर वर्गात. उस्ताद जवाद म्हणजे शाळेचे मास्तर. शहरातून आलेला हा तरुण बिचारा खिडकी उघडायचा. खिडकी उघडली की बर्फाचा वारा, लावली की धूर. इत्तो नावाची सहा वर्षांची मुलगी माझ्या अगदी समोर बसायची. तिची छाती आधीच नाजूक होती. ती खोकायला लागली की लवकर थांबायची नाही, आणि प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर कागद आला. शाळेचं मूल्यमापन करायला तपासनीस साहेब येणार होते. ज्या शाळेत शेगडी निकामी असेल, तिथे बर्फ पडायच्या आत नवी पाठवणार होते. उस्तादांनी तो कागद गावच्या प्रमुखाला वाचून दाखवला. सगळे त्याला अमघार बस्सू म्हणत. अमघारने मान डोलावली. पण त्याच्या कानात एकच गोष्ट शिरली होती, पाहुणे येणार!

आमच्या डोंगरात पाहुणा म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं. घरचे फाटक्या घोंगडीवर झोपतील, पण पाहुण्यासाठी ठेवलेला गालिचा कुणी अंगाखाली घेणार नाही. घरात लोणी चिमूटभर असलं, तर ते पाहुण्याच्याच ताटात जाईल. कमीपणा पाहुण्याला दाखवायचा नाही, तो गिळून टाकायचा.

साहेबांना घ्यायला उस्ताद सकाळीच खाली सडकेपर्यंत गेले. इकडे सगळं गाव शाळेत शिरलं. बायकांनी भिंतींना चुना लावला, जमीन सारवली, घराघरातले गालिचे आणून अंथरले. मग अमघारची बायको तूदा कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"अगं इज्जा, या काळतोंडीचं काय करायचं?"

इज्जा म्हणजे इत्तोची आई. थोरल्या बाईला आम्ही मानाने लल्ला म्हणतो, तसं ती म्हणाली, "लल्ला तूदा, राहू दे की. मोडकी आहे तर मोडकी दिसू दे. माझी पोर रोज धुरात बसते."

"वा गं शहाणी! म्हणजे साहेब खाली जाऊन सांगणार, या गावाने आपल्याला धुराची अंघोळ घातली! नाक कापून घ्यायचंय का चारचौघांत? आमची घरची नवी शेगडी आणते मी. धर इकडून."

"पण ती शेगडी नंतर..."

"नंतरचं नंतर! आधी पाहुणा तर नीट जाऊ दे. धर म्हणते ना!"

आणि मला उचलून त्यांनी बाहेर खिडकीखाली, शाळेच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं. वर एक जुनं पोतं टाकलं. माझ्या जागी अमघारच्या घरची चकचकीत शेगडी बसली. मला राग आला नाही, मित्रांनो. मला लाज वाटली. वाटलं, खरंच मी इतकी वाईट दिसते का?

साहेब आले. पुदिन्याचा चहा झाला, बदाम झाले, मध-लोणी झालं. मला दिसत काही नव्हतं, पण खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. साहेब भले गृहस्थ होते. एकेक वस्तू पाहून कागदावर लिहीत होते.

"वर्ग छान उबदार आहे हो," ते म्हणाले. "मास्तर, काही अडचण? मोकळेपणाने सांगा."

उस्ताद खाकरले. नवी शेगडी त्यांना आत शिरताच दिसली असणार. ते काही बोलणार तोच अमघारचा दणदणीत आवाज आला.

"अडचण कसली, साहेब? अल्लाच्या कृपेने आमच्या शाळेला काही म्हणजे काही कमी नाही. तुम्ही आणखी थोडा मध घ्या बघू."

उस्ताद ज्या माणसाच्या घरी रोज जेवत, त्याला भर सभेत खोटं कसं पाडणार?

मग साहेबांनी पुढच्याच मुलीला विचारलं, "काय गं बाळ, वर्गात थंडी वाजते का? धूर होतो का?"

"आज नाही," इत्तो म्हणाली.

सगळे हसले. साहेबही हसले. मी पोत्याखालून जिवाच्या आकांताने म्हणत होते, अहो, पुन्हा विचारा तिला! आज नाही तर मग कधी, एवढंच विचारा! पण शेगडीचं कोण ऐकतं. साहेबांनी लिहून टाकलं आणि अमघारने पाहुण्यांना जेवायला नेलं.

दुपारी अमघारची शेगडी त्याच्या घरी गेली आणि मी माझ्या कोपऱ्यात परत आले. तीन आठवड्यांनी कागद आला, तो उस्तादांनी अमघारला वाचून दाखवला. 'वर्ग उबदार. शेगडी उत्तम. मुले समाधानी. नव्या शेगडीची गरज नाही.'

"काय केलंत हे, अमघार!" उस्ताद म्हणाले. "ते द्यायलाच आले होते हो!"

अमघार आपल्या पटक्याचं टोक चाचपू लागला. "मला वाटलं, ते बघायला आलेत," तो म्हणाला. "बघायला आलेल्याला घर नीटनेटकं दाखवतात, उस्ताद. आता मीच जातो खाली. सांगतो, खोटं बोललो म्हणून."

तो खरंच गेला. साठीचा माणूस, दिवसभर पायपीट करून. कचेरीत त्याला सांगितलं की अहवाल पक्का झाला, आता पुढची तपासणी तीन वर्षांनी. परत आल्यावर त्याने स्वतःच्या घरची शेगडी शाळेत आणून ठेवायचं ठरवलं. पण त्याच रात्री बर्फ पडायला लागलं, आणि त्याच्या घरात सुनेचं दहा दिवसांचं बाळ होतं. कुणी त्याच्याकडे ती मागितली नाही.

त्या हिवाळ्यात मी शक्य तेवढा धूर पोटात धरला. देवाशपथ धरला. पण चिरेतून तो निघायचाच. एका सकाळी इत्तोला खोकल्यातून श्वासच घेता येईना. इज्जा धावत आली, तिला घोंगडीत गुंडाळून घेऊन गेली. जाताना तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर एकेक करून सगळ्याच आयांनी आपली धाकटी मुलं घरी ठेवली. वसंतात पट मोजला, तो कमी भरला. वरून हुकूम आला की पहिलीचा वर्ग बंद. उस्तादांची बदली झाली.

इत्तो बरी झाली, एवढी अल्लाची दया. आता ती शेळ्या राखते. वर्ग बंद झाल्यापासून मी शाळेच्या मागे पडून असते आणि शेळ्यांना पाणी पाजून झालं की ती माझ्याजवळ येऊन बसते. माझ्या पोटात उरलेला कोळसा काढते आणि भिंतीवर अक्षरं लिहिते, ओळीने, अगदी वळणदार. अकरा अक्षरं लिहून झाली की तिचा हात हवेतच थांबतो. बारावं तिला कुणी शिकवलेलंच नाही. मग ती पहिल्यापासून पुन्हा सुरू करते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कधीतरी कुणी तपासायला येईल. तुम्ही फुलं द्या, गाणी म्हणा, जमीन झाडा, त्याला माझी ना नाही. पण तुमच्या वर्गात माझ्यासारखं काही मोडकं असेल, तर त्याच्यावर पोतं टाकू नका. त्याला हाताला धरून पुढे आणा आणि पाहुण्यांना म्हणा, साहेब, आधी हे बघा.