चारही चाकं फिरणारी गाडी

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून मी लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावतो. निसर्गाशी माझा संबंध दुकानाच्या दारापासून पार्किंगपर्यंत, तोही ऊन नसेल तर. अशा माणसाच्या डोक्यात एक दिवस जंगल शिरलं. निमित्त झालं मोबाइलवरच्या एका व्हिडिओचं. एक दाढीवाला माणूस भलीमोठी एसयूव्ही घेऊन सरळ नदीत उतरतो, पाणी बॉनेटवरून वाहतं, आणि पलीकडे निघाल्यावर तो दगडावर बसून शांतपणे कॉफी करतो. मी तेव्हा दाढी करत होतो. ती अर्धवटच सोडली आणि दोन दिवस तसाच दुकानात गेलो.

आमची जुनी गाडी तशीही थकली होती. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई, माझी कॉलेजातली मुलगी आणि सासूबाईंचा वॉकर यांचं आपसात पटेनासं झालं होतं.

"आता मोठी गाडी घेऊ या," बायको म्हणाली.

तिच्या मनात मोठी म्हणजे तिच्या आईला पाय पसरता येतील अशी. माझ्या मनात नदी होती.

मग मी घरात गाड्यांशिवाय दुसरं काही बोलेचना. जेवताना ताटाखाली वाट्या उपड्या घालून ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, ते दाखवायचो. फोर बाय फोर म्हणजे काय, इंजिनाचा जोर चारही चाकांना कसा मिळतो, हे तर गिऱ्हाइकांनाही समजावलं. बिचारे डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेले असायचे. त्यांना उठून पळता येत नव्हतं.

"बाबा, तुला गवतात बसलं तरी अंगभर खाज सुटते," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर गाडी हवी. गवताशी संबंधच नको."

शोरूममध्ये आम्ही सगळे गेलो. पहिली गाडी अगदी त्या व्हिडिओतलीच. तिच्या दाराशी उभं राहून सासूबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "शिडी कुठे ठेवलीय?"

बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिने सूत्रं हातात घेतली. "आई, आधी डावा पाय. वर धर. आता बस. आता उरलेली तू." सासूबाई आत पोचल्या. मी ऐटीत चालवायला बसलो आणि पहिल्याच वळणावर गाडी फुटपाथवर चढवली.

"डोंगर आला का हो?" मागून प्रश्न आला. त्यांनी तो खरोखरच विचारला होता, हेच जास्त लागलं.

दुसरी गाडी मध्यम उंचीची होती. दार उघडून जराशी पाठ वळवली की माणूस आपोआप सीटवर. शोरूममधल्या मुलीने एक बटण दाबलं आणि छताचा पडदा सरकला. वर सगळी काच. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"अगं, ढग बघ," त्या लेकीला म्हणाल्या. "पडल्यापडल्या ढग दिसतायत."

मग त्या खाली उतरायलाच तयार होईनात. बायकोने डिकी उघडून वॉकर आडवा, उभा, तिरका ठेवून पाहिला. माझ्या मुलीने मागच्या सीटजवळचं मोबाइलचं चार्जिंग तपासलं. सगळे खूश. तेवढ्यात शोरूममधल्या मुलीने मला बाजूला घेतलं.

"सर, काचेच्या छताच्या मॉडेलमध्ये फोर बाय फोर येत नाही. फक्त पुढची दोन चाकं ओढतात. ते हवं असेल तर साधं छत घ्यावं लागेल."

मी गाडीकडे पाहिलं. आत सासूबाई लहान मुलीसारख्या वर बघत होत्या. त्यांच्यासाठी मी माझं स्वप्न सोडलं, असं सांगायला आवडलं असतं. पण समोरच्या आरशात त्या गर्द हिरव्या गाडीशेजारी उभा असलेला मी दिसत होतो आणि बरा दिसत होतो. साध्या छताच्या मॉडेलमध्ये तो हिरवा रंगच मिळत नव्हता.

"काचेचंच द्या," मी पुटपुटलो.

घरी यातलं अक्षरही बोललो नाही. शेजाऱ्यांनी "फोर बाय फोर ना?" म्हणून विचारलं, तेव्हा मला असा खोकला आला की त्याचा अर्थ त्यांनी हवा तो घ्यावा.

पहिल्याच सुट्टीला आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर निघालो. डिकीत घडीच्या खुर्च्या, दोर, होकायंत्र आणि मी न वाचलेलं पक्ष्यांचं पुस्तक. डांबरी रस्ता संपला. पुढे तळ्यापर्यंत गवताचा उतार.

"इथेच लाव. आईला धरून हळूहळू नेऊ," बायको म्हणाली.

"डांबरावर लावायला घेतली का ही गाडी?" मी म्हणालो आणि घातली खाली.

वरून गवत, खालून चिखल. पुढची चाकं रुतली. मी जोर दिला तशी ती आणखी रुतली, आणि बघायला उतरलेली मुलगी एका बाजूने तपकिरी झाली.

"बाबा, फोर बाय फोर लाव ना!"

मी बटणं शोधायचं नाटक केलं. वायपर सुरू झाले. रेडिओ लागला. माझी सीट गरम व्हायला लागली. मी आधीच घामाघूम होतो. शेवटी सांगून टाकलं, "या गाडीत ते नाहीये."

"माहितीये," बायको म्हणाली. "शोरूममधल्या त्या मुलीने तुझ्याआधी मलाच सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यांना काय हवं ते त्यांच्याच तोंडून ऐका. पण तू दोन महिने आमच्या वाट्या उपड्या घातल्यास, म्हणून तू स्वतः सांगेपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं."

सासूबाई हसल्या. मग मुलगी. मग माझ्याकडेही दुसरा काही मार्ग उरला नाही.

ढकलून गाडी हलेना, मोबाइलला रेंज नव्हती. मी ठरवलं होतं की तासाभरात फोटो काढून परतायचं. आता मुक्कामच पडला. खुर्च्या मांडल्या. बायकोने चपला काढून पाय पाण्यात सोडले. मी गवतात बसलो, खाज सुटली, खाजवून झालं, तरी उठलो नाही. पलीकडच्या काठावर एक राखाडी पक्षी बराच वेळ एका पायावर उभा होता. दिवसभर "आता स्पष्ट दिसतं, की आता?" असं दुसऱ्यांना विचारणारा मी, किती तरी काळाने स्वतः लांबवर बघत होतो. पुस्तक काढलं नाही. त्या पक्ष्याला तरी स्वतःचं नाव माहीत होतं की नाही कुणास ठाऊक.

दुपारच्या उन्हाने उतार सुकला. बायकोने गाडीतली पायपुसणी चाकांखाली सारली, मला बाजूला उभं केलं आणि रिव्हर्स टाकून हलकेच, एका दमात, गाडी डांबरावर नेली. मी टाळ्या वाजवल्या.

चिखल मी आठवडाभर धुतला नाही. लोकांनी बघावा म्हणून गाडी मुद्दाम दुकानासमोर लावत होतो. एका आजोबांना नवा चष्मा लावून दिला. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं.

"वा, लख्ख दिसतंय! ती घाणेरडी गाडी कोणाची हो?"

"असेल कोणाची तरी," मी म्हणालो आणि संध्याकाळी पहिल्यांदा बादली घेऊन बाहेर गेलो. डाव्या दारावरचा चिखल तेवढा राहू दिला. तो दुकानाच्या खिडकीतून दिसत नाही.