धारडोहाचा उपसा

पंढरी दुसऱ्यांदा पाण्यावर आला तेव्हा त्याला ओरडताही येईना. काठावर राखणीला बसलेल्या वीरभद्रानं टायरची ट्यूब फेकली, पण ती धरायचं भान पंढरीला कुठलं असायला! ट्यूब एकीकडं आणि माणूस एकीकडं. वीरभद्रानं अंगातल्या सदऱ्यासकट उडी मारली.

बुडणाऱ्याकडं समोरून जायचं नाही, मागून जाऊन काखेत हात घालायचा, हे डोहाच्या राखणीतल्या सगळ्यांना वीरभद्रानंच शिकवलं होतं. आणि घाईत तोच समोरून गेला. पंढरीनं हाताला लागेल ते पकडलं. आधी सदरा, मग केस, मग गळ्यातला दोरा. दोघंही खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. शेवटी सायकलवाल्या श्रीमंतनं काठावरून दोर टाकला आणि दोघांना ओढून घेतलं. पंढरीला पालथं घालून पाणी काढलं तेव्हा तो खोकला, रडला, वाचला. तुटलेला दोरा आणि त्याला बांधलेलं वस्त्र अजून त्याच्या मुठीत होतं. वस्त्र रिकामं होतं.

वीरभद्राचा हात छातीकडं गेला आणि तिथंच राहिला.

त्या वस्त्रात त्याचं इष्टलिंग होतं. पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं. लिंगायताच्या अंगावरून ते उतरत नाही. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच घास तोंडात घालायचा. वीरभद्र म्हणजे बाजारात दोर-सुतळीचं दुकान चालवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. पण या नेमात त्यानं जन्मात कधी खंड पडू दिला नव्हता.

त्या साली रेणा नदीच्या पात्रात नुसती वाळू होती. विहिरींनी तळ गाठलेला, टँकर त्याच्या मनात आलं तर यायचा. गावाखालच्या धारडोहात तेवढं पाणी उरलं होतं, आणि त्याच्यावर गाव जगत होतं. आदल्या उन्हाळ्यात सरजाबाईची लेक घागर भरताना तिथं पाय निसटून बुडाली. तेव्हापासून वीरभद्र, श्रीमंत, स्वतः सरजाबाई आणि आणखी काही जणांनी डोहाची राखण धरली होती. पगार नाही की बिल्ला नाही. दोर वीरभद्राच्या दुकानातला, ट्यूबा श्रीमंतच्या. त्यांनी खोल पाण्याच्या कडेनं बांबू रोवले, बायकांना उतरायला दगडाच्या पायऱ्या लावल्या. डोहात कुणाला साबण लावू द्यायचे नाहीत, जनावरांना खालच्या डबक्यावर वळवायचे, सुरुंगाची दारू टाकून मासे मारणाऱ्यांना पिटाळून लावायचे. लोक आधी हसले, मग चिडले, मग ऐकायला लागले.

असा बांबूचा कठडा असताना पंढरी खोल पाण्यात गेला कशाला? ते श्रीमंतला बाभळीखाली सापडलं. काळा पाइप, त्याच्या तोंडाला जाळीचा वाल्व. पंढरी चन्नबसप्पाचा सालगडी. धन्यानं त्याला भर उन्हात, माणसांची वर्दळ नसताना, डोहाच्या तळाला पाइप लावायला धाडलं होतं. उपशाला सरकारी बंदी होती, पण डोहाच्या खालच्या अंगाला चन्नबसप्पाचा ऊस वाळत होता. गाव तहानलेलं आणि याचा ऊस हिरवा राहिला पाहिजे!

"मला पवता येत न्हाई म्हणून सांगितलं होतं मालकाला," पंढरी म्हणाला. "मालक म्हणले, कमरंइतकंच पाणी हाय."

चन्नबसप्पा हा वीरभद्राचा थोरला चुलतभाऊ. आडत दुकान, जीप, देवळाच्या पंचांत मान. संध्याकाळी महादेवाच्या देवळात समाज बसला तेव्हा वीरभद्राला वाटलं, पाइपाचा विषय निघेल, दादाची मान खाली जाईल. पण निर्लज्जाला कसली आलीय लाज. पाइपाचं नावही न काढता चन्नबसप्पाच डोळे पुसत उभा राहिला.

"माज्या भावाचं लिंग पाण्यात पडलं," तो म्हणाला. "लोकांचे पाय लागतील, गाळात तुडवलं जाईल. हे समाजानं बगत बसायचं का?"

"दादा, मी शोधतूय," वीरभद्र म्हणाला. "न्हाई सापडलं तर स्वामींकडून नवी दीक्षा घेतो."

"तुज्यापुरतं झालं ते. पडलेल्या लिंगाचं काय? डोह उपसायचा. माजं इंजन देतो, डिझेल माजं. देवाच्या कामाला मी मागं सरणार न्हाई."

माना डोलल्या. म्हातारे चंद्रप्पा, देवळातले सगळ्यांत जाणते, तेही म्हणाले की लिंग तुडवलं जाता कामा नये. उपसलेलं पाणी कुठल्या पाटानं कुठं जाणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. की सुचलं आणि गिळलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी चन्नबसप्पा जीप घेऊन लातूरला गेला. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पूर्वी साहेबाला भेटायचं तर उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता जिल्हा दारात आला, गरिबाचं गाऱ्हाणं लगेच ऐकलं जाईल, असं भाषणांत सांगितलं होतं. याच गावानं टँकरसाठी लातूरला तीन खेपा घातल्या, तर साहेब दौऱ्यावर. चन्नबसप्पाला मात्र साहेब पहिल्याच खेपेला भेटले. धार्मिक भावनेचा प्रश्न आहे, मनाई कशी करायची, असं म्हणून त्यांनी तोंडी परवानगी दिली. दुपारच्या जेवणाला चन्नबसप्पा घरी हजर. जिल्हा दारात आला होता खरा, फक्त दार चन्नबसप्पाचं होतं.

इकडं वीरभद्र आणि श्रीमंत दिवसभर डोहात बुड्या मारत होते. हातानं गाळ चाचपायचा, वर यायचं, पुन्हा जायचं. गाळ गुडघ्याएवढा. त्यात बोराएवढी वस्तू सापडायची कशी? वीरभद्राच्या पोटात अन्न नव्हतं. पूजा नाही तर घास नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे घरी त्याची आई गुरम्माही जेवेना. तिचं वय झालेलं, पाठीत वाकलेली, मोतीबिंदूनं डोळे गेलेले.

"अव्वा, तू खाऊन घे. तुजं लिंग हाय की तुज्यापाशी."

"लेकरू उपाशी असताना मला घास उतरंल का?" ती म्हणाली. "तू पूजा कर, मला तीर्थ दे, मग बगू."

तिनं तुटलेला दोरा गाठ मारून सांधला होता, वस्त्र धुऊन वाळवलं होतं आणि दोन्ही उशाखाली घेऊन ती पडून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून इंजिन आलं. डोहाच्या काठावर सगळा गाव. चन्नबसप्पानं इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाट आदल्या रात्रीच खोदून तयार होता आणि तो सरळ उसाकडं गेला होता. ते सगळ्यांना दिसत होतं. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, जेवढं मिळेल तेवढं भरून घ्यायला. देवाचं काम म्हटल्यावर बोलायचं कुणी?

सरजाबाई मात्र पायरीवर बसून होती. तिची घागर रिकामीच होती.

"सरजाबाई, भरून घ्या की," वीरभद्र म्हणाला.

"काय करायचं भरून? किती दिस पुरंल?" ती पाण्याकडं बघत म्हणाली. "अण्णा, तुमचा देव तुमाला पायजे, मी न्हाई म्हणत न्हाई. पर माजी चंपी ह्याच पाण्यात गेली तवा मी ह्या चन्नबसप्पा मालकाच्या दारात जाऊन बसले. म्हणलं, मालक, इंजन लावा, माज्या लेकीला काढा. डिझेल न्हाई म्हणले. दोन दिस मी इथं बसून होते. मग ती आपल्या आपण वर आली."

वीरभद्राची कानशिलं तापली. तेव्हा तो तिच्या शेजारी याच पायरीच्या जागी बसला होता आणि चन्नबसप्पाकडं डिझेल नसतं हे त्यानं खरं मानलं होतं. माणसाच्या लेकीला डिझेल नाही. उसाला आहे. आणि वर त्याला देवाचं नाव! आपण उपाशी राहून ज्याची वाट बघतोय, त्याच लिंगाचा या माणसानं पाणी चोरायला परवाना केला, याचा त्याला असा संताप आला की क्षणभर डोळ्यांपुढं काही दिसेना.

चन्नबसप्पानं पंढरीला हाक मारली, "लाव रे हँडल."

"थांबा," वीरभद्र म्हणाला. "एक डाव बगतो."

तो बांबू ओलांडून खोल पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. बराच वेळ झाला. श्रीमंतनं दोर हातात घेतला. तेवढ्यात वीरभद्र वर आला, काठापर्यंत कसाबसा पोचला आणि गुडघ्यांवर बसला. डावी मूठ मिटलेली, छातीशी धरलेली.

"सापडलं," तो म्हणाला.

काठावर एकदम गलका झाला. म्हाताऱ्या चंद्रप्पांनी हात जोडले. चन्नबसप्पाचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला.

"दोन दिस सापडलं न्हाई आन आताच कसं सापडलं?" तो म्हणाला. "बगू, मूठ उघड."

वीरभद्रानं मूठ उघडली नाही.

"चन्नबसप्पा," चंद्रप्पा म्हणाले, "दुसऱ्याचं लिंग उघडून दाखव म्हणतूस? पंच हाईस ना तू? गड्याला सांग, इंजन गाडीत घाल म्हणावं."

देवाच्या नावानं आलेलं इंजिन देवाच्याच नावानं परत गेलं. पंढरीनं ते गाडीत चढवताना दोनदा वीरभद्राकडं पाहिलं. बायका पाण्यात उतरल्या. सरजाबाईनं पदर खोचला आणि लहान पोरींना पायरीवरच अडवून त्यांच्या घागरी स्वतः भरून द्यायला लागली.

मूठ तशीच मिटून वीरभद्र घराकडं निघाला. मुठीत डोहाच्या तळातला एक खडा होता. वाटेनं त्याला आपण काय करून बसलो ते नीट कळायला लागलं. आता नवी दीक्षा मागता येणार नव्हती. मागितली की खोटं उघडं पडणार, आणि इंजिन पुन्हा काठावर येणार. पाऊस पडेल, डोह भरेल, पण सापडलेलं लिंग पुन्हा हरवलं असं कुठल्या तोंडानं सांगायचं? लिंगायताला मेल्यावर मातीत बसवतात तेव्हा त्याच्या हातात त्याचं लिंग देतात. आपल्या हातात हा खडा देतील. आणि आत्ता घरी अव्वा तीर्थासाठी ओंजळ पुढं करेल, तिला काय द्यायचं?

गुरम्माला बातमी आधीच कळली होती. ती भिंतीला टेकून उठून बसली होती, मांडीवर वस्त्र आणि दोरा.

"आण हिकडं," ती म्हणाली. "मीच बांधते. तुज्या गाठी सैल असत्यात."

"मी बांधतो, अव्वा."

"आण म्हणते ना."

तिच्यापुढं त्याचं कधी चाललं नव्हतं. त्यानं तिच्या हातातल्या वस्त्रावर मूठ उघडली. तिनं वस्त्राची घडी घातली आणि बोटांनी वरून चाचपलं. इष्टलिंग गुळगुळीत असतं, कुठंही कोपरा लागत नाही. तिची बोटं एका जागी थांबली. त्या बोटांनीच त्याला तान्हेपणी रोज न्हाऊ घालून लिंग पुन्हा गळ्यात नीट केलं होतं.

बाहेरून बायका घागरी घेऊन चालल्याचा आवाज येत होता. गुरम्मानं तिकडं तोंड वळवलं आणि थोडा वेळ ऐकलं.

"इंजन गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं."

मग तिनं वस्त्राला गाठ मारली. त्यावर दुसरी मारली. दातात धरून ओढून पाहिली. त्याला खाली बसायला लावून दोरा त्याच्या गळ्यात घातला आणि सदऱ्याच्या आत सारला.

"पूजा करून घे लवकर," ती म्हणाली आणि तीर्थासाठी आपली ओंजळ पुढं धरून बसली.