कुवेतचा ठिपका

वच्छलाबाई देवळातून परतल्या तेव्हा कोनाड्यातला जुना रेडिओ गेलेला होता. मुलाने, अनंताने, तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता आणि त्या जागी कुवेतहून आणलेला नवा, तळहाताएवढा रेडिओ ठेवला होता. त्याला काटा नव्हता. नुसती बटणं आणि काचेत चमकणारे आकडे.

"आता काटा हलवत बसाचं कामच नाई," अनंता म्हणाला. "आकडा दाबला का टेसन हजर."

"अन् ठिपका?"

"कोनता ठिपका?"

ठिपका त्यानेच लावला होता. कुवेतला क्रेन चालवायला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने खरखरीतून तिथलं केंद्र हुडकलं आणि काटा थांबला तिथे काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. रोज या वेळी हेच लाव, मीही तिकडे हेच ऐकत असेन, असं बजावून गेला. तेव्हापासून या विधवा बाईच्या घरातली कुंकवाची डबी देवासाठी आणि रेडिओसाठीच उघडे. अरबीतलं ओ की ठो कळत नसे. तरी हमरस्त्यालगतच्या वाडीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत, ट्रकांच्या घरघरीत, त्या रेडिओला कान लावून बसत आणि बंद करताना विचारत, "जेवला का गा?" शेजारच्या भीमाबाई हसत. हसेनात का!

वच्छलाबाईंनी आठवण करून दिली, तसा अनंताही हसला.

"तू अजून ऐकून राहिली ते? आमी तं तिथं व्हिडिओ पाहतो. रेडिओ कोन लावते वं माय?"

तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं. इतकी वर्षं वच्छलाबाई एकट्याच ऐकत होत्या. जायच्या आधी तेवढं केंद्र लावून दे, एवढंच त्या म्हणाल्या.

रजा संपली. दारात ऑटो येऊन उभा राहिल्यावर त्याला ते आठवलं. घाईघाईने त्याने बटणं दाबली, कुणी बाई अरबी बोलू लागली, तो पाया पडला आणि गेला. वच्छलाबाईंनी डबी काढून त्या आकड्यांवर, काचेवर, ठिपका दिला.

संध्याकाळी भीमाबाई नवा रेडिओ बघायला आल्या आणि हौसेने बटणं दाबत सुटल्या. आधी कुणी चिनी बोललं, मग नुसती खरखर. वच्छलाबाईंनी काचेकडे पाहिलं. ठिपका जागच्या जागी होता. त्याच्याखालचे आकडे बदलून गेले होते.

भीमाबाई ओशाळून निघून गेल्या. वच्छलाबाई नेहमीची वेळ संपेपर्यंत खरखर ऐकत राहिल्या. मग रेडिओ बंद करून त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं. आज त्यांनी काही विचारलं नाही.