कानातली खूण

निमोण्याच्या म्हस्कू आप्पांनी दोन वर्षांपूर्वी मेंढरं मोडली आणि डिझेलची पिकअप दारात आणली. गावाला त्याचं नवल वाटलं नाही. चारायला रानच उरलं नव्हतं. नवल वाटलं ते पिकअप कोण चालवणार हे कळल्यावर. मुलगा हनुमंत रांजणगावच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. पुतण्या सत्यजीत मोकळाच होता आणि स्टेअरिंगवर डोळा ठेवून होता. पण लायसन काढून आणलं सुनेनं, सुषमानं. निमोण्याची आणि मांडवगण फराट्याची तरकारी भरून ती दौंडच्या बाजारात जाऊ लागली. दीड वर्षात तिनं आरसासुद्धा घासू दिला नव्हता.

मग इंजिन कुरकुरायला लागलं. शिरूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून आणल्याला महिना झाला नव्हता, तोच कासुर्डीजवळ ऑइलचा लाल दिवा लागला. सुषमानं गाडी जागेवर बंद केली आणि टोचन करून परत शिरूरला आणली. सर्व्हिस झाली त्या दिवशीही ऑइल काळंच होतं, असं तिनं तिथल्या सुपरवायझरला सांगितलं. तो हसला. डिझेलच्या गाडीत नवं ऑइलसुद्धा तासाभरात काळं पडतं, ताई, म्हणाला. हे खोटं नव्हतं. त्यानं थोडं ऑइल वरून ओतलं आणि कागद लिहून दिला.

तो कागद सत्यजीतनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. चालकाने वाहन बेदरकारपणे चालविल्यामुळे इंजिनावर ताण. आप्पांना वाचता येत नव्हतं, पण छापील कागदाला ते मान द्यायचे. त्यांनी निकाल दिला. आता एक पुरी सर्व्हिस करून आणायची. परत असं लिहून आलं, तर चावी सत्यजीतच्या हातात.

सुषमाची सासू रतनबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती.

सर्व्हिसच्या दिवशी सकाळी रतनबाई फडताळातून एक डबी घेऊन अंगणात आली. मेंढरांना लावायचा लाल रंग, दोन वर्षांत वर साय धरलेला. तिनं काडीनं तो ढवळला आणि सुनेला विचारलं, त्यो फिल्टर कुठं असतो?

गाडीखाली पोतं टाकून दोघी आत सरकल्या. सुषमानं बोट दाखवलं. पेल्याएवढा पत्र्याचा डबा, इंजिनाला उलटा चिकटलेला. रतनबाईनं त्याच्या पोटावर ठसठशीत लाल पट्टा ओढला. मग हात वळवून, डबा इंजिनाला टेकतो तिथल्या मागच्या काठावर, काडीच्या टोकानं एक ठिपका ठेवला. तो डोळ्यांना दिसत नव्हता. बोटालाच सापडला असता.

सुषमा सासूला आत्या म्हणायची. तिनं विचारलं, “आत्या, येक पट्टा पुरं न्हाई का?”

“मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं की पाठीवरचा रंग धुतात,” रतनबाई म्हणाली. “कानात कुणी बघत न्हाई.”

सर्व्हिस सेंटरमध्ये दोघींना काचेमागच्या थंड खोलीत बसवलं. टीव्ही चालू होता, चहा आला. चार तासांनी सुपरवायझर कागद घेऊन बाहेर आला. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, गाडी ओके. खाली शेरा मात्र तोच होता. चालवणाऱ्यानं जरा सांभाळून चालवावी, असं त्यानं तोंडानंही सांगितलं आणि चावी पुढं केली.

रतनबाईनं चावी घेतली नाही. ती उठली आणि काचेचं दार ढकलून थेट गाड्यांच्या शेडमध्ये शिरली.

सुपरवायझर मागं धावला. आत ग्राहकांना प्रवेश नाही, तसा बोर्ड लावलाय, दिसत नाही का, असं तो म्हणाला.

“दिसतोय,” रतनबाई म्हणाली. “वाचता येत न्हाई.”

दोन पोरं हातातलं काम टाकून हसली. पिकअप अजून लिफ्टवरच होती, पुरुषभर उंच. रतनबाईनं ऑइलचा एक रिकामा ड्रम गाडीखाली लोटला आणि नऊवारीचा काष्टा सावरून त्यावर चढली. साठीची बाई ड्रमवर उभी राहिलेली बघून शेजारच्या गाडीखालून एबनेझर बाहेर आला. मिशनच्या वस्तीतला हा जुना मेकॅनिक. सगळे त्याला मामा म्हणत. त्यानं काही न विचारता बॅटरी लावून उजेड धरला.

फिल्टर लखलखत होता. पोटावर पट्टा नव्हता.

आता ह्या माणसाचं हसणं घरापर्यंत पोचेल, असं सुषमाला वाटलं. दोघींना हवं ते सापडलं नाही, हे सुपरवायझरच्याही ध्यानात आलं असावं. त्याचा आवाज मऊ झाला. बघा आजी, म्हणाला, नवा कोरा फिल्टर आहे. बघून घेतलंत, आता खाली उतरा, पडाल.

“नवा हाय म्हन्ता?”

“आजच बसवला. तुमच्यासमोर आहे की.”

“मामा, तुमी ऐकलं न्हवं?”

एबनेझरनं मान हलवली.

रतनबाईनं हात वर घातला. कळपात मिसळलेल्या मेंढराचा कान ती जसा उलटा करायची, तशी तिची बोटं फिल्टरच्या मागच्या काठावरून फिरली आणि एका जागी थांबली. तिथला चिकटपणा तिनं अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाली, मामा, हितं उजेड धरा.

एबनेझर पुढं सरकला, मान तिरकी करून त्यानं आत बघितलं. लाल ठिपका होता तिथंच होता.

“ह्यो सकाळी आमच्या अंगणात लावलाय,” रतनबाई म्हणाली. “तुमच्या नव्या फिल्टरला आमची खूण कशी काय आली?”

सुपरवायझर म्हणाला, रंग कुठूनही उडतो. मग म्हणाला, पोरांकडून चूक झाली असेल. मग म्हणाला, ऑइल मात्र नक्की बदललंय, ते मशीननं वरून शोषून घेतात, म्हणून खाली खुणा दिसत नाहीत.

“आन् फिल्टर बी वरूनच शोसला?” सुषमा म्हणाली. सर्व्हिस सेंटरमध्ये आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

या वेळी शेडमधली सगळी हसली. एबनेझर तेवढा हसला नाही. त्यानं सुपरवायझरकडं न बघता सांगितलं, की हे शोषायचं मशीन दिवाळीपासून बंद पडून आहे. गाडी धुतली, पुसली, आणि वर चढवून ठेवली. पाना कुणी लावलाच नाही.

सुपरवायझर आता घाईला आला. पैसे परत देतो, पुढची सर्व्हिस फुकट, कागदही चांगला लिहून देतो. फक्त आत चला, इथं लोक बघताहेत.

“लोकांनी बघावं म्हनूनच हितं हुबी हाय,” रतनबाई म्हणाली. “कागद ठेवा तुमच्याकडं. त्यो तुमी काल येक लिवला, आज येक लिवाल. आता म्होरं काम करा. मी हितनं हालत न्हाई.”

एबनेझरनं ट्रे सरकवला आणि खालचा नट सोडला. ऑइल धारेनं पडलं नाही, काकवीसारखं ओघळत आलं, आणि शेवटी शेवटी त्यात गाळाच्या गुठळ्या आल्या. त्यानं चिमटीत थोडं घेऊन चोळलं आणि सुषमाला सांगितलं, की हे दोन सर्व्हिसचं तरी ऑइल आहे. दिवा लागल्याबरोबर गाडी थांबवली नसती, तर इंजिन तिथंच जाम झालं असतं. ती ऐकत राहिली. गाडी कशी चालवते याबद्दल कुणी काही बरं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

खोक्यातून नवा फिल्टर निघाला. एबनेझरनं त्याच्या रबरी कड्याला बोटानं नवं ऑइल लावलं, पण बसवण्याआधी तो सुषमाच्या हातात दिला. त्याला बरोबर कळलं होतं. तिनं सासूनं पिशवीतून आणलेली रंगाची डबी घेतली आणि मागच्या काठावर एक ठिपका ठेवला. जुना फिल्टर रतनबाईनं पिशवीत घालून घेतला.

घरी आल्यावर तिनं तो ओट्यावर आप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि झालेलं सांगितलं, कमी-जास्त न करता. सत्यजीतनं कागद मागितला. कागद आणला नाही, असं तिनं सांगितलं. मग तो म्हणाला, ठिपका काय, कुणीही, कवाबी लावील.

आप्पांनी फिल्टर उचलला. त्यांनी तो उजेडाकडं धरला नाही. डोळे समोरच्या रिकाम्या वाघरीकडं, जिथं पूर्वी मेंढरं कोंडायचे, आणि अंगठा मागच्या काठावरून फिरत गेला. थांबला.

“चाळीस वर्सं ह्याच खुनंवर मी परक्या कळपातनं मेंढरं मागं आनली,” ते म्हणाले. “पार कर्जतपातुर. सामनेवाल्यानं बी असं म्हनायचं धाडस केलं न्हाई, सत्यजीत.”

सत्यजीत उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मांडवगणला मेथी भरायची होती. सुषमानं ऑइलची पट्टी ओढून बघितली. नवं ऑइलही काळं पडलं होतं. तिनं पट्टी पुसून जागेवर घातली आणि गाडी सुरू केली. चावी कालपासून तिच्याच कमरेला होती. कुणी मागितली नव्हती. रंगाची डबी तिनं समोरच्या कप्प्यात ठेवली, गाडीच्या कागदांच्या वर.