भावसिंगच्या हद्दीतली खुंटी

मित्रांनो, हिंगोलीहून वाशिमकडे जाताना, कनेरगाव नाक्याच्या जरा अलीकडे, रुळाच्या भरावाच्या पायथ्याशी एक गंजलेली लोखंडी खुंटी दिसते ना, ती मी. शेळ्या माझ्यावर पाठ घासतात. घासू देत बापड्या, तेवढीच सोबत.

१९९७ साली रिझवान साहेबांनी मला इथं आणलं. रेल्वेसाठी संशोधन करणारे इंजिनियर होते ते. छोटी लाईन जाऊन मोठी यायची होती, आणि आपली काळी माती भारी नखरेल. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून खचते. किती खचते, ते साहेबांना मोजायचं होतं. म्हणून मला माती ओलांडून थेट खालच्या खडकात ठोकलं. काय सांगू, डोकं बधिर झालं! पण मग माती हलली तरी मी हलेना. दर दोन महिन्यांनी साहेब तिपाईवर दुर्बीण लावून माझ्या डोक्यावरून रुळाची उंची मोजायचे आणि जाताना मला थोपटायचे. मला केवढा अभिमान वाटायचा!

हा तुकडा भावसिंगच्या हद्दीत होता, म्हणजे इथले रूळ सांभाळणाऱ्या गँगमनच्या. भावसिंग जवळच्या तांड्यावरचा. तीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती. साहेबांनी त्याला बजावलं, "भावसिंगदादा, रूळ बोटभर खचेपर्यंत इथं हात लावायचा नाही. मला खचलेलंच बघायचंय."

"जी साहेब," भावसिंग म्हणाला.

पण त्याचं मन ऐकेल तर ना! साहेबांची तारीख आली की सकाळीच तो जोडीदार कोंडीबाला घेऊन यायचा. दोघं सब्बल लावून रूळ उचलायचे आणि खाली गिट्टी ठासायचे.

"काहून करून राहिला हे, भावसिंग?" कोंडीबा कुरकुरायचा. "सायबाला खरं सांग ना."

"माह्या हद्दीत खड्डा? न्हाई दिसू देनार. रिटायर व्हायला दोन वर्सं राहिली, आता बट्टा नको."

दुपारी साहेब दुर्बिणीतून बघायचे आणि खूश व्हायचे. "इथली माती पक्की दिसते, दादा!" भावसिंग मान खाली घालून हसायचा. माझा मात्र जीव जळायचा. माझ्यावरून घेतलेलं माप खोटं पडत होतं.

साहेबांनी अहवाल लिहिला, की इथली माती खचत नाही, त्यामुळे या तुकड्यात भरावाखाली मुरमाचा जाड थर घालायची गरज नाही. भावसिंग रिटायर झाला. पुढं मोठी लाईन आली, त्या थराविनाच भराव उंच झाला, आणि मला सगळे विसरले. इतक्या वर्षांत भावसिंगनं एकदा सांगितलं असतं तर! नाही सांगितलं.

२००९ च्या पावसाळ्यात आठ दिवस झड लागली. भराव खचू लागला. गाड्या थांबवल्या आणि गँग दगड भरायला उतरली. एकाएकी कड सुटली. चौघांनी उड्या मारल्या. कोंडीबाला जमलं नाही. माझ्यापासून दोन हातांवर तो मातीखाली गेला. मी बघत राहिले, दुसरं काय करणार होते?

तेराव्यानंतर त्याची बायको रुक्माबाई ती जागा बघायला आली. भावसिंग सोबत होता. तो ढसाढसा रडायला लागला.

"वहिनी, ही माती खचती, हे मला ठावं होतं. सायब मोजायला यायचे, तवा मीच झाकलं. कोंडीबा नको म्हनत होता."

रुक्माबाई रडली नाही. तिनं भरावाकडे पाहिलं.

"दिसली ना मग तुमची हद्द चांगली, भाऊजी?" एवढंच म्हणाली आणि एकटीच चालू लागली.

मित्रांनो, मला रंग द्या, गंज पुसा, असं काही मी मागत नाही. कुणी मोजायला आलं तर आहे तसं दाखवा. खचलं असेल तिथं खचलं म्हणा. लाज चार दिवसांची असते. मला सगळं ठाऊक होतं, पण मी पडले लोखंड. तुम्हाला तोंड आहे.